केळीच्या पानाचा ओठ

नानांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. बाकीचे नाना तासन्‌तास एका जागी बसायचे, चहा थंड होऊ द्यायचे, पेपरातलं एक शब्दकोडं चार दिवस पुरवायचे. पण पाय सतत काहीतरी दाबत असायचा. रिक्षात बसले की खालचा पत्रा, एस.टी.त बसले की पुढच्या प्रवाशाची पिशवी, सलूनमध्ये खुर्चीची दांडी. एकदा त्यांच्या पुतण्याच्या वरातीत घोडा बँडच्या आवाजाने बिथरला आणि नवरदेव एका अंगाला कलला. सगळे धावले. नाना धावले नाहीत. त्यांनी उभ्या जागी बूट रोवून जमीन दाबली. घोडा योगायोगाने थांबला. त्याचं श्रेय नाना पुढे कित्येक वर्षं घेत राहिले आणि पुतण्यानेही ते मुकाट्याने दिलं, कारण त्याला गाडी नानांनीच शिकवली होती.

नानांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. जळगावात, मेहरूणला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड, शेडमागे थोडी मोकळी जागा, दोन दमलेल्या गाड्या, एक टेबल आणि टेबलामागे मी. मी अमळनेरची. बी.कॉम. झाल्यावर, लग्न ठरेपर्यंत काहीतरी कर, असं घरच्यांचं म्हणणं होतं आणि लग्न ठरू नये म्हणून काहीतरी करावं, असं माझं. फॉर्म भरणं, फोटो चिकटवणं आणि नानांकडून शिकून आलेल्या बायकांना पाणी देणं ही माझी कामं होती.

शेडवर बोर्ड होता. त्यावरचं स्कूलचं नाव उन्हाने इतकं उडालं होतं की पोस्टमनसुद्धा आठवणीवर यायचा. पण नावाखालची ओळ नाना दर दसऱ्याला स्वतः स्टुलावर चढून नव्याने रंगवत. मी नोकरीला लागले तेव्हा तिथे ‘बत्तीस वर्षे. एकही ओरखडा नाही.’ असं होतं. पुढे तेहतीस झालं, चौतीस झालं. आकडा बदलायचा, पुढचं वाक्य तेच राहायचं.

आणि वाक्य खरं होतं. अर्ध्या मेहरूणच्या बायकांनी नानांकडे गाडी शिकली. त्यांनी नंतर फाटकं पाडली, सासऱ्यांच्या स्कूटर आडव्या केल्या, एकीने तर स्वतःच्याच किराणा दुकानात गाडी घातली. पण ते सगळं लायसन्स मिळाल्यावर, आपापल्या गाडीने. स्कूलच्या गाडीला खरचटलं नाही. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. नानांचं सगळं तत्त्वज्ञान त्या ब्रेकवर उभं होतं. नाना मूळचे धुळ्याकडचे, सोनगीरचे. फॉर्मवर सही करताना प्रमाण मराठी बोलत आणि गाडीत बसले की अहिराणी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते एकच सांगायचे, “गाडी तू चालाडस, पन थांबाडस मी.”

याचा अर्थ ते अगदी शब्दशः घेत. शिकणाऱ्याची चूक ही चूकच नव्हे, कारण दुसरा ब्रेक नानांकडे. एका बाईंनी केळीच्या हातगाडीला जवळजवळ आडवं केलं, नानांनी करकचून ब्रेक मारला आणि मग तिला काही न बोलता स्वतःलाच झापायला लागले. “नाना, कोठे ध्यान व्हतं तुनं? डोया फुटनात का?” बाई घाबरून सॉरी सॉरी म्हणत होत्या. नाना त्यांना म्हणाले, “तुम्ही मध्ये बोलू नका, मी नानाशी बोलतोय.”

त्यांची दुसरी तऱ्हा याहून वरची. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसत नसत. कधीच नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक घरून चालत यायचा, चालत जायचा, सोनगीरला जायचं तर एस.टी.ने. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, सगळ्यांसमोर म्हणायच्या, “दोन गाड्या शेतस आनि मी भाजी डोक्यावर आनस.” नानांना विचारलं, का हो नाना, तुम्ही का चालवत नाही, तर ते गंभीरपणे उलट विचारायचे, “मना बाजूले ब्रेक कोन धरी?” लोकांना ही कोटी वाटायची. मलाही वाटायची. मी तर घरी जाऊन त्यांची नक्कल करून दाखवायचे.

मला त्यांनी फुकट शिकवलं आणि तीनदा नापास केलं. सरकारी परीक्षेला पाठवण्याआधी ते स्वतः एक परीक्षा घेत, ती सरकारी परीक्षेहून अवघड असे. माझा दोष एकच, मला वेग आवडायचा. तलावाच्या कडेचा रस्ता मोकळा दिसला की माझा पाय जड व्हायचा आणि मग नानांचाही. दोघांचे पाय एकमेकांविरुद्ध काम करायचे आणि गाडी मधल्यामध्ये कण्हत उभी राहायची. “तू अजून कच्ची शे,” असं म्हणून ते माझा फॉर्म परत माझ्याच टेबलावर आणून ठेवत.

अशा या स्कूलमध्ये एके दिवशी भाऊ आले. भाऊ रावेरकडचे केळीवाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, वय साठीचं. आजवर ट्रॅक्टर आणि जीप याखेरीज काही न चालवलेल्या या माणसाने सुरतेहून एक लाल स्पोर्ट्‌स कार आणली होती. जुनी, पण चकाचक. दोन दारं, दोनच सीट आणि उंची इतकी कमी की आत शिरताना भाऊ आधी दाराला टेकायचे, मग देवाचं नाव घ्यायचे आणि मग पोत्यासारखे आत पडायचे. त्यांना ती शिकायची होती, तीही आखाजीच्या आत.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला घरचा कुणीतरी जातो. भाऊंची लेक धुळ्याला दिलेली. दरवर्षी भाऊंचा मुलगा जीप घेऊन जायचा. यंदा भाऊंना स्वतः जायचं होतं, लाल गाडीतून.

“पण भाऊ, सीट दोनच आहेत,” मी म्हणाले. “जावई कुठे बसणार?”

“जावयाले बसाले जागा नही,” भाऊ म्हणाले, “हेच तं पाह्यजे मले.”

नानांनी त्यांना चार दिवस शिकवलं. या गाडीत डावीकडे ब्रेक नव्हता. नाना नुसतंच पायपुसणं दाबत बसायचे. पण भाऊ ट्रॅक्टरवाले, वेग त्यांच्या रक्तातच नव्हता, त्यामुळे निभावलं. मग बागेत कापणी लागली, माल भरायला ट्रक आले आणि भाऊ आठ दिवसांसाठी गावी गेले. जाताना गाडी शेडमागे लावून, किल्ली नानांच्या हातात देऊन म्हणाले, “नाना, बोर्ड वाचून ठेवून चाललो बरं का गाडी.”

तिसऱ्या दिवशी नानांना वाटलं, गाडी फिरवून आणायला पाहिजे, नाहीतर बॅटरी बसेल. स्वतः चालवणार नाहीत हे उघडच होतं. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतः जाऊन डावीकडे बसले.

मी काय सांगू? त्या गाडीचा आवाज असा होता की माझ्या पायांची मीच मालक उरले नाही. तलावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा नाना म्हणत होते, हयू, हयू, म्हणजे हळू. स्पीडब्रेकर दिसला. नानांची शिकवण अशी की स्पीडब्रेकर सरळच घ्यायचा, पुढच्या दोन्ही चाकांनी एकदम. तिरका घेणं ते असभ्यपणा मानत. मी सरळ घेतला. हळू नाही घेतला. चाकं चढायच्या आधीच बंपर पोचला. आधी करकर झालं, मग कडाक, आणि आरशात मला रस्त्यावर पडलेले तीन काळे तुकडे दिसले.

नानांनी पायपुसणं इतकं दाबलं होतं की ते खालून निघून त्यांच्या बुटावर चढलं होतं.

पुढच्या बंपरच्या खाली अशा गाड्यांना काळी, पातळ, पुढे आलेली पट्टी असते. शोरूमवाले तिला लिप म्हणतात, नाना पुढे ओठ म्हणायला लागले. तो ओठ तुटला होता. मी रडायला लागले. नाना उतरले, तिन्ही तुकडे उचलून मांडीवर घेऊन परत बसले आणि तिरसटपणे म्हणाले, “नाना, येडा शे का तू? जमिनीले टेकेल गाडी, तिले सरय जाऊ देतस का कोनी?” मला एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे मी जास्त रडले.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी पहिल्यांदा बोर्डकडे पाहिलं. मीही पाहिलं. चौतीस वर्षांचा शब्द होता आणि मी तो एका स्पीडब्रेकरवर मोडला होता. नवा ओठ मागवायचा तर तो परदेशातून यायला तीन महिने, असं फोनवर कळलं. आखाजीला दिवस उरले होते पाच.

“ओठ घरीच करू,” नाना म्हणाले.

आमच्या नानांना हस्तकलेचा काडीचा अनुभव नव्हता. सोनगीरला त्यांच्या घरी तांब्याची भांडी ठोकण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि त्या ठोकाठोकीचा कंटाळा येऊनच ते गाड्यांकडे वळले होते. तरी पहिल्या दिवशी रक्ताने उचल खाल्ली. ते घरी जाऊन काकूंच्या तांब्याच्या बंबाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. काकूंनी न्हाणीघराला कुलूप लावलं.

मग पाइप. जळगावात कुठलीही अडचण आली की कुणीतरी पाइप सुचवतोच. नानांनी जाड पाइप उभा चिरला, गरम वाळूत टाकून मऊ केला आणि बंपरखाली धरून वाकवला. थंड झाल्यावर तो एका टोकाला हसत होता आणि दुसऱ्या टोकाला रडत होता. तो अजून शेडमागे आहे, त्यातून पावसाचं पाणी जातं.

शेवटी मी मोबाईलवर व्हिडिओ शोधून दिला. त्यात एक गोरा माणूस आपल्या गॅरेजमध्ये फायबरचा ओठ बनवत होता. नानांनी आवाज बंद करून तो सात वेळा पाहिला. आवाज का बंद, तर तो माणूस फार बोलतो आणि हात दिसू देत नाही. फायबरचं काम तसं सोपं: साचा करायचा, त्यात काचेच्या धाग्यांची चादर अंथरायची, वरून राळ लावायची, ती वाळली की कडक वस्तू निघते. फक्त ती साच्याला चिकटू नये म्हणून आधी मेण चोळतात. तो माणूस पांढरं काहीतरी चोळताना दिसला. आवाज बंद असल्यामुळे नानांना ते तूप वाटलं. वड्या थापताना ताटाला लावतात तसं. काकूंनी तुपाचा डबा कुलपाआड ठेवलेल्या बंबाशेजारी नेऊन ठेवला.

नाना तासभर पाय हलवत बसले. मग म्हणाले, “कशालेच काही चिटकत नही, अशी वस्तू कोनती?” आणि आपणच उत्तर दिलं, “केळीनं पान.”

आता मागे वळून बघताना वाटतं, अख्ख्या जगात मोटारीचा भाग बनवायला निघालेल्या कुठल्याही माणसाला हे सुचलं नसतं. पण आम्ही जळगावात होतो, आम्हा दोघांनाही ते अत्यंत शास्त्रीय वाटलं.

आम्ही तुटलेले तुकडे चिकटपट्टीने जोडले. काळी माती भुसा घालून मळली, शेडमागे तिचा लांब ओटा केला, त्यात जोडलेला ओठ दाबून बसवला आणि अलगद काढला. साचा झाला. त्याला आतून केळीची पानं लावली. पानं नानांनी शेजारच्या बंगल्यातल्या झाडाची, मालकाला न विचारता, आणली. चादर अंथरली, राळ ओतली आणि देवाला हात जोडून घरी गेलो.

सकाळी येऊन पाहिलं तर राळ तशीच ओली. दुपारीही ओली. बोट लावलं की बोट घेऊन बसायची. एक माशी, दोन माश्या, मग मुंगळ्यांची रांग. संध्याकाळपर्यंत तो मोटारीचा भाग कमी आणि देवस्थान जास्त वाटायला लागला. एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी तिथे फूलही वाहिलं.

काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावून सगळं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पान आसं कच्चंच लाई दिधं का? पानी सुटस त्याले. आधी शेकी ल्यावा लागस. एवढंबी कळत नही?”

आखाजीचे मांडे करायला काकूंनी खापर आधीच बाहेर काढून धुऊन ठेवलं होतं. मांडे म्हणजे हातभर मोठ्या पुरणपोळ्या. त्या चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या मोठ्या भांड्यावर भाजतात, तेच खापर. दुसऱ्या दिवशी सणाच्या आधीच त्यांची चूल पेटली. काकू एकेक पान तापल्या खापरावर पसरायच्या. पान कुरकुरायचं, रंग गडद व्हायचा, पाणी निघून जायचं आणि ते रुमालासारखं मऊ पडायचं. मी पुसायचे, नाना साच्यात लावायचे. घाईघाईने, दोनेक पानं जरा जुनी होती तीही लावली. राळ ओतताना नाना माझ्यावर ओरडले, “तोंड बंद ठेव, हात चालाड.” चार दिवसांत ते मला पहिल्यांदा ओरडले आणि मला इतकं बरं वाटलं की मी तोंड बंद ठेवलं नाही. मी म्हणाले, “नाना, भाऊंना मी सांगते. गाडी मी चालवत होते.”

नानांनी ब्रश खाली ठेवला. “गाडी कोन चालाडी ऱ्हायंतं हाई कोनी इचारंच नही,” ते म्हणाले. “ओठ तयार व्हयना का भाऊ गाडी लई जाई. बोर्ड बोर्डना जागे.”

म्हणजे त्यांना लपवायचं होतं. चौतीस वर्षं स्वतःला भररस्त्यात झापणारा माणूस एका पाटीसाठी गप्प बसायला तयार झाला होता, तेही माझ्यामुळे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते राळेच्या वासाने असं मी सांगितलं.

या वेळी राळ दगडासारखी वाळली. साचा फोडून ओठ काढला, पानं ओरबाडून सोलली आणि तो उजेडात धरला. ओठ बाकदार होता, हलका होता, बंपरखाली चपखल बसत होता. पण त्याच्या बाहेरच्या अंगावर केळीच्या पानाच्या शिरा उमटल्या होत्या. मधला दांडा, त्याच्यापासून निघालेल्या बारीक सरळ रेघा, सगळं जसंच्या तसं. घासून काढावं तर फायबर मांड्याइतकं पातळ, भोक पडलं असतं. नानांनी काळा रंग मारला. शिरा अजून उठून दिसायला लागल्या. खालच्या कडेला ठिबकची नळी चिरून बसवली, म्हणजे कड टोचू नये. स्क्रू पिळले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, परदेशी डिझाइन आहे. एका पोरीने त्याच्यासमोर रीलही काढली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मी टेबलामागे रजिस्टर उलटं धरून बसले होते. नाना दारात उभे होते आणि त्यांचा पाय उंबरठा दाबत होता.

भाऊ पुढे गेले, थांबले. मग इतक्या वर्षांत कुणापुढे वाकले नसतील तसे हळूहळू वाकले, गुडघ्यावर बसले आणि ओठावरून बोट फिरवायला लागले. शिरेवरून, दांड्यावरून, कडेपर्यंत. बोट एका जागी थांबलं.

“नाना,” ते म्हणाले, “हे पान कोन्या बागेतलं हाये?”

नानांनी उंबरठा आणखी जोरात दाबला.

“याच्यावर करपा पडेल हाये. हे ठिपके पाह्यले का? मालकाले सांगजा, खालची पानं काढून टाक म्हना, नही तं अख्खं झाड जाईन.”

माणूस चाळीस वर्षं केळीत घालवलेला. त्याने मोटारीच्या बंपरवरून झाडाचा रोग ओळखला. आम्हाला बिचाऱ्यांना करपा दिसलाच नव्हता. लपवायला काही उरलंच नाही. मी उठले आणि एका दमात म्हणाले, “भाऊ, माझ्या हातून तुटला. मी चालवत होते. मी जोरात घेतली.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. “खरं काय, नाना? ही पोरगी चालवत व्हती?”

मला वाटलं, आता नाना हो म्हणतील. हो म्हटलं असतं तर बोर्ड वाचला असता. स्कूलची गाडी नव्हे, नाना स्टिअरिंगवर नव्हे, कारकून पोरीने परस्पर गाडी काढली आणि ठोकली, एवढं म्हटलं की चौतीस वर्षं साबूत. मी तर ते वाक्य त्यांच्या तोंडात आयतंच ठेवलं होतं.

“चालाडी ती ऱ्हायंती,” नाना म्हणाले. “ब्रेक मना पायखाले व्हता.”

भाऊंनी डावं दार उघडलं आणि आत डोकावले. “नाना, या गाडीत इकडे ब्रेकच नही.”

“मग मना पाय कोठे व्हता?” नाना चिडून म्हणाले. “तठेच व्हता ना? जठे ब्रेक नही, तठे मी बसनूच कसाले? चूक मनी शे. ती पोरले काही बोलू नका.”

भाऊ डावं दार लावून पलीकडे गेले. मग कण्हत, दाराला टेकत, आपल्या पद्धतीने गाडीत पडले. काच खाली करून म्हणाले, “नवा ओठ मागवू नका. माह्या लेकीले हाच दाखवतो. केयीवाल्याच्या गाडीले केयीचं पान, अजून काय पाह्यजे?” आणि चालू करता करता मला म्हणाले, “पोरी, स्पीडब्रेकर तिरपा घेत जाय.”

आखाजीला सुट्टी. मी सकाळच्या गाडीने अमळनेरला निघाले होते. स्टेशनला जाताना रिक्षा शेडवरून गेली. नाना स्टुलावर उभे होते. हातात ब्रश, दुसऱ्या हातात ओठाचाच उरलेला काळा रंग. आमच्याकडे लोक बोर्ड दसऱ्याला रंगवतात, आखाजीला कोणी नाही. मी रिक्षा थांबवली. ‘एकही ओरखडा नाही’ यातलं ‘ही’ आणि ‘नाही’ त्यांनी पुसून टाकलं होतं. आता तिथे होतं, ‘चौतीस वर्षे. एक ओरखडा.’

“नाना, तो ओरखडा माझा आहे,” मी खालून म्हणाले.

“बोर्ड कोना शे?”

“तुमचा.”

“मग जाय, तुनी गाडी चुकी.”

गाडी चुकलीच. दुसरी गाडी येईपर्यंत मी स्टेशनवर बसून रडले, आणि या वेळी राळेचा वास कुठेच नव्हता.

त्या बोर्डने धंदा बुडेल असं सगळ्यांनी सांगितलं. उलट झालं. बायका म्हणायला लागल्या, खरं लिहिणारा माणूस आहे. नानांनी मात्र शिकवण बदलली. तिथून पुढे स्पीडब्रेकर तिरपाच घ्यायचा, मग गाडी उंच असो, जीप असो. एकदा मी त्यांना पायी चालतानाही स्पीडब्रेकर तिरपा ओलांडताना पाहिलं. चौथ्या खेपेला त्यांनी मला पास केलं. शेरा काही दिला नाही, फक्त फॉर्म टेबलावर परत आणून ठेवला नाही.

पुढे नानांचे गुडघे गेले. डावीकडच्या सीटवर आता मी बसते, माझं लग्न झालं तरी आणि नवऱ्याला गाडी येत नसली तरी. दसऱ्याला आकडा मी पेंटरकडून बदलून घेते. पेंटर म्हणाला, ताई, ते ओरखड्याचं काढून टाकू, चांगलं दिसत नाही. मी त्याला हात लावू दिला नाही. फक्त त्या ओळीखाली बारीक अक्षरांत माझं नाव घातलं.

नाना काठी टेकत आले, चष्मा पुसून ते वाचलं आणि पुष्कळ शिव्या दिल्या. बोर्ड खराब केला, माले इचारं नही, वगैरे. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते गाडीकडे गेले. मला वाटलं, सवयीने डावीकडे जातील आणि मग आठवेल, ती सीट आता माझी आहे. ते डावीकडे गेलेच नाहीत. त्यांनी उजवं दार उघडलं, काठी मागच्या सीटवर टाकली आणि स्टिअरिंगसमोर बसले.

मी रजिस्टर मिटलं. जाऊन शेजारी बसले.

नानांनी गाडी चालू केली, आरसा बघितला, गिअर टाकला. चौतीस आणि वरची कितीतरी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं सगळं त्यांनी ओळीने केलं. तलावाच्या रस्त्याला लागलो. समोर तोच स्पीडब्रेकर आला आणि माझा उजवा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला. नानांना तो न बघता कळला.

“पाय काढ,” ते म्हणाले. “गाडी मी चालाडी ऱ्हायनू.”

मी काढला नाही.